प्रवास, दृष्टी आणि उत्तरदायित्व

१

प्रवासाने माणसाची दृष्टी विस्तारते, हे विधान मराठी वाङ्मयव्यवहारात इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. प्रवासवर्णनांच्या प्रस्तावनांतून आणि गौरवपर परीक्षणांतून ते सिद्धवत् स्वीकारलेले आढळते. वस्तुतः या एका विधानात तीन वेगवेगळी विधाने मिसळून गेलेली आहेत. प्रवाशाच्या माहितीत भर पडते, हे पहिले. त्याची अभिरुची बदलते, म्हणजे पूर्वी जे विचित्र वाटे ते त्याला सहन होऊ लागते, प्रसंगी आवडूही लागते, हे दुसरे. आणि न्याय्य काय, अन्याय्य काय हे ठरविण्याची त्याची रीतच बदलते, हे तिसरे. पहिली दोन विधाने बहुधा खरी असतात. परंतु त्यांच्या सत्यतेवरून तिसरे सिद्ध होत नाही. प्रवासाचा जो नैतिक गौरव केला जातो तो मात्र तिसऱ्याच्याच बळावर. पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत असलेल्या एका आर्येने देशाटनाची गणना चातुर्य मिळविण्याच्या साधनांत केली आहे. ती आर्या चातुर्यापाशी थांबते. सदाचाराचा दावा ती करीत नाही. पुढच्या काळातील स्तुतिपाठकांनी हा संयम पाळलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातील समुद्रपर्यटनाचा निषेध या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. समुद्र ओलांडून गेलेल्याने परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे, असा आग्रह धरणाऱ्या समाजाची प्रवासाविषयीची एक निश्चित धारणा होती : परदेशी गेलेला माणूस जसा जातो तसा परत येत नाही. प्रायश्चित्त हा झालेला बदल पुसून टाकण्याचा विधी होता. आज प्रवासाची भलावण करणारे आणि काल त्याचा निषेध करणारे यांचे गृहीतक एकच आहे. फक्त त्याचे मूल्य उलटे झाले आहे. दोघेही असे धरून चालतात की स्थलांतर झाले की मनांतर होतेच. हे गृहीतक कितपत टिकते, आणि टिकले तर त्या मनांतराला नैतिक मोल केव्हा येते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

२

'प्रवास' या शब्दाच्या मुळाशी घरापासून दूर राहणे हा अर्थ आहे. पाहणे हा नव्हे. संस्कृत काव्यशास्त्राने प्रवासाला विप्रलंभ शृंगाराच्या भेदांत स्थान दिले, आणि ज्याचा पती प्रवासाला गेला आहे अशा 'प्रोषितभर्तृके'ची अष्टनायिकांत गणना केली. म्हणजे या परंपरेने प्रवासाकडे पाहिले ते मुख्यतः तुटलेपणाच्या अंगाने, आणि त्या तुटलेपणाचा अनुभव घेणाऱ्यांत मागे राहिलेल्या व्यक्तीलाही धरले. आधुनिक प्रवासवर्णनातून ही मागे राहिलेली व्यक्ती जवळजवळ नाहीशी झाली. तेथे प्रवासी एकटाच बोलतो, त्याचीच दृष्टी विस्तारते, आणि त्या विस्ताराचा खर्च कोणी भरला हे विचारले जात नाही.

मराठीच्या आरंभकाळात चक्रधरांनी आपल्या अनुयायांना सांगितलेले अटन हा आणखी निराळा प्रकार. स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तांचा संबंध सोडावयास सांगणारी ही शिकवण नवे काही पाहण्यासाठी नाही. भिक्षेवर जगत, ओळखीचा आधार टाकून फिरणे म्हणजे अहंतेची मुळे सैल करणे होय. त्याच चक्रधरांनी कानडी व तेलुगू प्रदेशांत न जाता महाराष्ट्रात राहण्याचाही आदेश दिला, कारण विषयांची विपुलता साधकाला बाधक ठरते. अटनाची ही कल्पना आजच्या पर्यटनाच्या नेमकी उलट टोकाला आहे. पर्यटकाला सुखांचे वैविध्य हवे असते. अटन करणाऱ्याला त्याच वैविध्यापासून जपायचे असते. दोन्ही कल्पना माणसाला घराबाहेर काढतात, पण त्याच्याकडून अपेक्षितात ते एकसारखे नाही. तेव्हा 'प्रवास' असा एकजिनसी अनुभव धरून त्याचा नैतिक परिणाम सांगणे मुळातच सदोष ठरते. कोण, कशासाठी आणि कोणत्या स्थितीत निघाला, यावर बरेच काही अवलंबून राहते.

३

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा या दृष्टीने एक अवघड दाखला आहे. १८५७ साली वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण चुलत्यांसह उत्तरेकडे निघाला तो घरचे कर्ज फेडण्यासाठी, मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत तो बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्याच्या आणि त्यानंतरच्या कत्तलीच्या वेळी तो त्या शहरात होता. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन तो घरी परतला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्याने हे वृत्त लिहिले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध झाले.

एवढे पाहून आलेल्या या माणसाची दृष्टी बदलली काय? रूढ अर्थाने याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. वर्णव्यवस्था, कर्मकांड, दैव आणि पूर्वसंचित यांची जी चौकट घेऊन तो निघाला तीच घेऊन तो परतला. कावडीतले पाणी आईवडिलांपर्यंत पोचविणे हे त्याच्या लेखी साऱ्या प्रवासाचे सार्थक आहे. तरीही या ग्रंथाला जे नैतिक वजन आहे ते दृष्टी बदलल्याची ग्वाही देणाऱ्या कित्येक प्रवासवर्णनांना नाही. त्याचे कारण असे की, जे दिसले ते त्याने आपल्या चौकटीत बसविण्यासाठी कापले नाही. झाशीतील प्रेते, तहानेने व्याकूळ झालेली माणसे, लपून बसलेल्यांची भीती, स्वतःची भीती, हे सारे त्याने जसेच्या तसे राहू दिले. अनुभवाने त्याचे सिद्धान्त बदलले नाहीत. पण सिद्धान्तांनीही त्याचा अनुभव गिळून टाकला नाही. साक्षीदाराचे हे प्रामाण्य दृष्टिविस्ताराहून स्वतंत्र असे मूल्य आहे, आणि प्रवासवर्णनाच्या समीक्षेने त्याची वेगळी नोंद घ्यावयास हवी.

४

याच्या उलट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दृष्टिपरिवर्तन हीच मध्यवर्ती घटना आहे. ते केवळ परदेशगमनाने घडले, असा जो समज आहे तो मात्र तपासावयास हवा. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आणि तारुण्यारंभ अखंड प्रवासात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थाहून तीर्थाला पायी फिरत. दुष्काळाच्या दिवसांत, १८७४च्या सुमारास, आईवडिलांचा अंत झाला. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास उपाशीपोटी वाट तुडवीत राहिले, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचले. स्नाने, दाने, उपवास, नवस हे सारे यथासांग केलेले होते. ग्रंथांनी सांगितलेले फळ मात्र मिळाले नव्हते. पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी श्रद्धेच्या या ओहोटीची हकीकत दिली आहे. म्हणजे त्यांच्या विचारातील पहिला तडा इंग्लंड-अमेरिकेने पाडला नाही. तो तीर्थयात्रेनेच पाडला. परंपरेने पवित्र ठरविलेल्या वाटेवरूनच त्या चालत होत्या. गोडसे भटजींना जे दैव म्हणून स्वीकारता आले ते रमाबाईंना वचनभंग म्हणून दिसले. सारखाच रस्ता दोन माणसांना दोन ठिकाणी नेतो. भेद रस्त्यात नसून, रस्त्याला प्रश्न विचारण्याच्या तयारीत आहे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८८ अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा ग्रंथ १८८९ साली निघाला. नावातच 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची अवस्था, व्यापार यांचे विवेचन हा ग्रंथाचा कणा आहे. प्रवाशाचे कौतुक, गैरसोयी, गमती यांना त्यात दुय्यम जागा मिळते.

हा ग्रंथ अमेरिकेचा उपयोग महाराष्ट्रासाठी करतो, हे उघड आहे. तेथील स्त्रियांनी संस्था उभारल्या, निधी जमविला, सभा चालविल्या. मग येथे ते का होऊ नये, असा त्याचा रोख आहे. या रीतीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. दुसऱ्या देशाला स्वतःच्या देशाचा आरसा करणे म्हणजे त्या देशाला त्याच्या स्वतःच्या रूपात न पाहणे नव्हे काय? युरोपीय प्रवाशांनी पूर्वेला असाच आरसा केला, आणि एडवर्ड सैद यांनी १९७८ साली दाखवून दिल्याप्रमाणे त्या आरशातील प्रतिमा सत्तेच्या कामी आल्या. हा दोष प्रत्यक्ष प्रवास न करणाऱ्यांपर्यंतही पोचतो. इमॅन्युएल कांट हे आपले सारे आयुष्य क्योनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात काढूनही अनेक वर्षे भूगोलावर व्याख्याने देत. त्यांच्या शहरासारख्या बंदराच्या नगरीत बसूनही जगाचे आणि मनुष्याचे ज्ञान मिळविता येते, असे त्यांचे मत होते. पण ते ज्ञान पुष्कळ अंशी प्रवासवृत्तांतूनच आलेले होते, आणि मानववंशांची जी उच्चनीच मांडणी त्यांनी केली तिच्यात या वृत्तांतील पूर्वग्रह तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा घेऊन उतरले. प्रवाशाचे वर्णन हे असे त्याच्या हातून सुटून दूरवर जाते. म्हणूनच त्याच्या सत्यतेचा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

रमाबाई वसाहतीतून आलेल्या, सत्ताहीन प्रवासी होत्या, तेव्हा त्यांच्या आरशाने कोणाचे नुकसान होणार होते, असे उत्तर देता येईल. पण ते पुरेसे नाही. सत्तेचा अभाव म्हणजे सत्याची हमी नव्हे. खरे उत्तर ग्रंथातच आहे. ज्या देशाला त्या आदर्श म्हणून पुढे ठेवतात त्याच देशाने कृष्णवर्णीयांना दिलेली वागणूक आणि मूळच्या रहिवाशांवर केलेला अन्याय त्या झाकून ठेवीत नाहीत. स्त्रियांच्या प्रगतीची प्रशंसा करताना तेथेही त्यांच्या वाट्याला आलेल्या विषमतेवर त्या बोट ठेवतात. याचा अर्थ असा की, त्यांचा मानदंड अमेरिका हे स्थळ नव्हता. मानदंड होता तो माणसाला माणूस म्हणून मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा. त्याच मोजपट्टीने त्यांनी आधी स्वदेश मोजला होता. परदेशही त्यांनी त्याच पट्टीने मोजला. दृष्टी बदलणे आणि निष्ठा बदलणे यांतला भेद येथे स्पष्ट होतो. एका देशाची चाकोरी सोडून दुसऱ्या देशाची पत्करणारा प्रवासी केवळ मालक बदलतो. ज्याला दोन्ही देशांना एकच प्रश्न विचारता येतो त्याच्या बाबतीतच न्यायबुद्धी प्रगल्भ झाली असे म्हणता येते.

५

दृष्टी बदलण्यासाठी अंतराची आवश्यकता किती, हा यापुढचा प्रश्न. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रातील संशोधन पुरे करून १९३० साली परतल्या. परंतु त्यांच्या ललित लेखनात प्रवासाचा सर्वांत खोल विचार आला तो 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात, म्हणजे पंढरीच्या वारीच्या निमित्ताने. मैलांच्या हिशेबाने हा प्रवास किरकोळ आहे. भाषा तीच, देव तोच, रस्ताही परिचित. तरीही वारीत चालताना त्यांना आपला समाज जणू पहिल्यानेच भेटतो. महाराष्ट्राची त्यांनी केलेली, पुढे वारंवार उद्धृत झालेली व्याख्या या पायी चालण्यातून आली.

मात्र या लेखाचे महत्त्व त्या व्याख्येपुरते नाही. एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग गाणाऱ्या आणि तरीही पंगती वेगळ्या ठेवणाऱ्या माणसांमधील विसंगती लेखिकेला आतून टोचते. विठ्ठलभक्तीची एकात्मता आणि जातिभेदाची दुफळी या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी खऱ्या दिसतात, आणि त्यांपैकी एकीला खोटी ठरवून ती मोकळी होत नाही. परक्या देशातील विसंगती सांगणे सोपे असते, कारण तिचे दायित्व सांगणाऱ्यावर येत नाही. 'वाटचाल'मधील निरीक्षक स्वतः त्या विसंगतीचा वाटेकरी आहे. ती ज्या घरातून आली त्या घराच्या पंगतीही वेगळ्याच मांडल्या जात होत्या. म्हणून तिचे पाहणे दुखते, आणि ते दुखणे हाच ते खरे असल्याचा पुरावा आहे. दृष्टिपालटाला अंतर लागते हे मान्य केले, तरी ते अंतर भूगोलातच मोजावे लागते असे नाही. आपल्याच गावाच्या वेशीबाहेरची वस्ती कित्येकांना सातासमुद्रांहून दूर असते.

६

आतापर्यंतची चर्चा लिहिणाऱ्या प्रवाशांची झाली. परंतु प्रवास करणाऱ्यांतील बहुसंख्य लिहीत नाहीत, आणि त्यांची दृष्टी विस्तारली असे कोणी म्हणतही नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी तेथे 'कोयता' या एका शब्दाने मोजली जाते. वर्षाचा मोठा भाग हे लोक परगावी पालांत काढतात. नवे प्रदेश पाहतात, वेगळ्या बोली ऐकतात, वेगळ्या माणसांशी व्यवहार करतात. प्रवासाने दृष्टी विस्तारते हा नियम खरा असता, तर महाराष्ट्रातील सर्वांत विशाल दृष्टीचे मानकरी हेच ठरले असते. प्रत्यक्षात त्यांच्या मुलांची शाळा सुटते एवढेच या प्रवासाचे फळ अनेकदा सांगता येते. गोडसे भटजीही कर्जापायी निघाले होते. पण त्यांच्याजवळ अक्षर होते, आणि ठिकठिकाणी दार उघडणारी जातीची प्रतिष्ठा होती.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या संदर्भात प्रवासवर्णनाच्या कल्पनेलाच आव्हान देते. कैकाडी समाजातील कुटुंब गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते. येथे प्रवासी पाहणारा नसतो. तो पाहिला जातो. गाव त्याच्याकडे संशयाने पाहते, त्याला वेशीबाहेर थांबविते, चोरी झाली की प्रथम त्याच्या पालाकडे धावते. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली केलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा रद्द झाला तो १९५२ साली. डोंगऱ्यांचे कुटुंब तीर्थांतून हिंडत होते तेव्हा त्याला यात्रा म्हटले गेले. त्याच काळात दुसऱ्या काही कुटुंबांच्या हिंडण्याला गुन्ह्याची पूर्वतयारी म्हटले गेले. 'उपरा'तील नायकाची दृष्टी ज्याने बदलते ते भटकणे नसून शिक्षण आहे, आणि शिक्षणासाठी कोठे तरी टिकून राहावे लागते. प्रवासाच्या स्तुतिपाठकांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की, घर असलेल्यालाच घर सोडण्याचे नैतिक फळ मिळते. ज्याला घरच नाही त्याला प्रथम थांबण्याचा हक्क हवा असतो.

७

मग दृष्टी बदलली याची खूण कोणती मानावी? प्रवाशाच्या स्वतःच्या ग्वाहीवर विसंबता येत नाही. प्रवासवर्णनाच्या संकेतात ती ग्वाही आधीच अंतर्भूत असते. वर्णनाची सूक्ष्मता, शैलीची प्रसन्नता, सहानुभूतीचा सूर यांवरूनही निर्णय करता येत नाही, कारण पाहिलेल्या माणसांविषयी जिव्हाळा व्यक्त करणे आणि त्यांना काही देणे लागतो असे मानणे या भिन्न गोष्टी आहेत. कसोटी परतीनंतरच्या आचरणात शोधावी लागते : जे पाहिले त्याच्यामुळे प्रवासी कोणाला उत्तरदायी झाला? रमाबाई १८८९च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरल्या, आणि ११ मार्चला शारदासदन उघडले. अमेरिकेवरील ग्रंथ त्यानंतर आला. कृती आधी आणि वृत्त नंतर, हा क्रम बोलका आहे.

ही कसोटी मान्य केली तर समाजाकडेही वळावे लागते. प्रवासाने दृष्टी बदलावी अशी इच्छा व्यक्त करणारा समाज बदललेल्या माणसाला कितपत सामावून घेतो? शारदासदनात धर्मांतराला उत्तेजन मिळते या आरोपावरून गदारोळ झाला आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सुधारकही त्या संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. हिंदू विधवांच्या पालकांना दिलेल्या आश्वासनाचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आपली श्रद्धा दार बंद करून आचरावी ही अपेक्षाही न्याय्य नव्हती. तथापि या प्रसंगातून एक गोष्ट दिसून येते. दृष्टी विस्तारावी, पण ती आमच्या ओळखीच्या पलीकडे जाऊ नये, अशी अट या स्वागताला नेहमी जोडलेली असते. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था पाहून आलेल्या रमाबाई हव्या होत्या. प्रार्थनेची भाषा बदललेल्या रमाबाई नको होत्या. पुढील अनेक दशके मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांना जी अपुरी जागा दिली तिच्या मुळाशी हीच अट असावी. प्रायश्चित्ताचा विधी लोपला, तरी त्याच्यामागची मागणी शिल्लक राहिली.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेला यातून काही कर्तव्ये प्राप्त होतात. लेखकाने काय पाहिले आणि किती रसाळपणे सांगितले याबरोबरच, कोणत्या मानदंडाने पाहिले, तो मानदंड स्वतःच्या घराला लावला काय, पाहिलेल्या माणसांना आपल्याविषयीचे हे वर्णन ओळखू येईल काय, आणि हा प्रवास शक्य व्हावा म्हणून कोण मागे राहिले, हे प्रश्न तिने विचारावयास हवेत. या प्रश्नांना सामोरी जाऊ शकतील अशी पुस्तके मराठीत थोडी आहेत. त्यांतली काही प्रवासवर्णन म्हणून कधी वाचली गेलेली नाहीत, आणि त्या नावाने गौरविलेल्या पुष्कळ पुस्तकांना या प्रश्नांपुढे उभे केल्यास ती केवळ माहितीची आणि अभिरुचीची पुस्तके ठरतील. तसे ठरण्यात कमीपणा नाही. माहिती आणि अभिरुची यांचेही मोल आहेच. फक्त त्या मोलाला नीतीचे नाव देणे थांबवावे लागेल.